डी अँड डीच्या टेबलावर लढाई रंगते कशामुळे?

मुठाकाठ

डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स: खेळाडू एकेक पात्र चालवतात, डीएम (डंजन मास्टर) गोष्ट सांगतो आणि शत्रू चालवतो. नवे-जुने डीएम आणि खेळाडू, सगळ्यांसाठी हा धागा. विषय एकच: लढाई.

गोष्ट छान चाललेली असते. कोतवालाशी घासाघीस झालेली असते, धर्मशाळेच्या रखवालदाराकडून बातमी काढलेली असते, सगळे पुढे सरकून बसलेले असतात. मग डीएम म्हणतो, "इनिशिएटिव्ह टाका," (म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा) आणि टेबल थंड पडतं. ज्याची पाळी तो फासा टाकतो, बाकीचे मोबाईल काढतात. "लागला? किती? सात. बरं, पुढचा." कोथरूडपासून विमाननगरपर्यंत ज्या ज्या टेबलांवर बसलोय तिथे थोड्याफार फरकाने हेच पाहिलंय. नियमपुस्तकात सगळ्यात जास्त काळजी लढाईच्या नियमांची घेतलेली असते आणि खेळात सगळ्यात रटाळ भागही तोच ठरावा, हे मला मुळीच मान्य नाही.

माझं मत असं की दोन्ही बाजूंना एकमेकांना मारण्यापलीकडे काहीच नको असतं, म्हणून लढाई रटाळ होते. समोरच्याचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) शून्यावर आणणं एवढंच काम उरलं की प्रत्येक पाळीचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. सगळ्यात जवळच्या शत्रूवर सगळ्यात मोठा हल्ला. यात ठरवायचं काय? नुसती वजाबाकी चालू राहते.

आपल्या गावातलंच उदाहरण घ्या. ५ एप्रिल १६६३ची रात्र, लाल महाल. शाइस्तेखान मारला गेला नाही, बोटांवर निभावलं. तरी मोहीम फत्ते झाली, कारण भरवस्तीत, प्रचंड छावणीच्या मधोमध शिरून खानाला हादरवायचं आणि सगळे जागे होण्याआधी बाहेर पडायचं होतं. पुढे औरंगजेबाने खानाची बदली बंगालला केली. आता हाच प्रसंग कुणी 'खानाचे हिट पॉइंट अमुक, पहारेकऱ्यांचे तमुक' असा लिहिला तर त्यातलं काय उरेल? शिरायचं कुठून, आवाज कधी होईल, कोण किती वेळ थांबेल, कुणाला मागे सोडायचं नाही, या प्रश्नांमुळे त्या रात्रीला धार आहे. तलवारबाजी त्यातली थोडीशी.

म्हणून लढाई लिहायला बसलो की राक्षसाचं पान उघडण्याआधी मी वहीत लिहितो: यांना काय हवंय, आणि ते मिळालं तर हे निघून जातील का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं की निम्मं काम झालं. तुम्ही कसं करता?

कवडी

मी डीएम नाही, खेळाडू आहे, तेव्हा टेबलाच्या या बाजूने सांगते. उद्देश वगैरे सगळं पटलं. पण त्याच्याही आधी एक गोष्ट येते, वाट पाहणं.

आम्ही पाच जण आणि एक डीएम. प्रत्येकाची पाळी तीन मिनिटं धरा, डीएमचे राक्षस पाच मिनिटं. एक राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, वीस मिनिटांचा. पाच राउंड चाललेली लढाई म्हणजे शंभर मिनिटं, आणि त्यात मी खेळते पंधरा. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत एक राउंड म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. तीस सेकंदांच्या झटापटीसाठी मी जवळपास दीड तास नुसती बसून राहणार असेन तर खानाला काय हवंय याने मला फरक पडत नाही.

आमच्या डीएमने काही सवयी लावल्या आणि टेबल बदललं. पाळी सुरू करताना ती नावं घेते: "आता समीधा, तयारीत रहा केदार." (दोन्ही पात्रांची नावं आहेत.) हल्ल्याचा फासा आणि इजेचे फासे एकदमच टाकायचे. राक्षसांची इजा ती फाशाने काढत नाही, पुस्तकात सरासरी छापलेली असते तीच घेते. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे माझी पाळी आली की एका वाक्यात चित्र सांगते: "तुझ्या डावीकडचा पूल पेटलाय, केदार गुडघ्यावर आलाय, धनुर्धाऱ्याने बाण चढवलाय आणि तो तुझ्याकडे बघतोय." हे ऐकलं की "कुठे काय चाललंय?" विचारावं लागत नाही. मी लगेच बोलते.

पटावरचा

मी या खेळाकडे वॉरगेमच्या बाजूने आलो, पटावरची पलटणं हलवत. त्यामुळे थोडं मागे जातो.

प्रशियाच्या सैन्यात १८२४च्या सुमारास राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याचा क्रीगश्पील हा खेळ रुजला. नकाशा, ठोकळे, फासे आणि दोन्ही बाजूंना किती माहिती द्यायची ते ठरवणारा एक पंच. आजच्या डीएमचा पणजोबाच तो. तिथून मिनिएचरच्या (छोट्या पुतळ्यांच्या) लढाया आल्या, त्यांतून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डी अँड डी १९७४ला छापून आला. म्हणजे या खेळाची हाडं लढाईचीच आहेत. पण त्या हाडांमधलं एक फार मोलाचं हाड मधल्या काळात गळून पडलं. ते म्हणजे मनोधैर्याचा नियम, मोरॅल.

१९८१च्या बेसिक संचात प्रत्येक राक्षसाला मनोधैर्याचा २ ते १२ मधला आकडा असे. त्यांच्यातला पहिला पडला की दोन सहाबाजू फासे टाकायचे, निम्मे पडले की पुन्हा. बेरीज आकड्यापेक्षा जास्त आली की ते पळतात किंवा शरण येतात. साध्या गॉब्लिनचा (छोट्या, टोळीने लढणाऱ्या राक्षसाचा) आकडा ७. म्हणजे प्रत्येक तपासणीला ते मोडण्याची शक्यता जवळपास ४२ टक्के. हिशोब करून बघा, गॉब्लिनांच्या बहुतेक टोळ्या शेवटचा पडेपर्यंत लढणारच नाहीत.

याने दोन गोष्टी होतात. लढाईचं शेपूट कापलं जातं. निकाल लागलेला असतो आणि उरलेल्या दोघांना मारण्यात अर्धा तास जातो, तो वाचतो. आणि शरण आलेला शत्रू ही एक नवी गोष्ट हातात येते.

मुठाकाठ, तुमच्या लाल महालाला माझं एक उदाहरण जोडतो. उंबरखिंड, फेब्रुवारी १६६१. कारतलबखान सह्याद्री उतरून कोकणाकडे निघालेला. अरुंद वाट, दाट झाडी, दोन्ही तोंडं मराठ्यांनी रोखलेली. महाराजांनी ती फौज कापून काढली नाही. खानाने शरणागती पत्करली, खंडणी दिली, आणि त्याला जाऊ दिलं. जागेने लढाई जिंकली आणि बोलण्याने ती संपली. आपल्या टेबलांवर किती लढाया बोलण्याने संपतात?

तीन_अ‍ॅक्शन

मुठाकाठ, मूळ मुद्द्याशी मी असहमत आहे, आणि जरा सविस्तर.

'उद्देश द्या, लढाई रंगेल' हे अर्धंच खरं. पाचव्या आवृत्तीतला साधा फायटर (लढवय्या पात्र) घ्या. त्याला सांगितलं की पूल वाचवायचाय. तो पुलापर्यंत जातो आणि मग? तलवार मारतो. पुढच्या पाळीला? तलवार मारतो. उद्देश डीएमने बदलला, पण खेळाडूच्या हातातली निवड तीच राहिली. निवड नियमांत असावी लागते.

पाथफाइंडर या डी अँड डीच्याच कुळातल्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) प्रत्येक पाळीला तीन अ‍ॅक्शन मिळतात. तिन्ही हल्ले करू शकता, पण दुसऱ्यावर साधारण उणे ५ आणि तिसऱ्यावर उणे १०. म्हणजे तिसरा हल्ला जवळपास वाया. मग ती तिसरी अ‍ॅक्शन कशावर खर्च करायची? ढाल उचलायची, शत्रूला दटावून घाबरवायचं, का एक पाऊल मागे सरकायचं, म्हणजे त्याला जवळ यायला त्याची एक अ‍ॅक्शन खर्चावी लागेल? हा प्रश्न दर पाळीला पडतो, रिकाम्या चौकोनी खोलीतही. शिवाय तिथे शेजारून निघून जाणाऱ्यावर फुकटचा वार करण्याची मुभा सगळ्यांना नाही, फायटरसारख्या मोजक्यांनाच. त्यामुळे माणसं एका जागी चिकटून राहत नाहीत.

लोक नावं ठेवतात त्या डी अँड डीच्या चौथ्या आवृत्तीतही (२००८) लढाईच्या रचनेचं सोनं आहे. तिथे राक्षसांना कामं वाटून दिली होती. कुणी आडदांड, कुणी फळी धरणारा, कुणी लांबून मारणारा, कुणी अंधारात दबा धरणारा. एका हिट पॉइंटचे 'मिनियन' होते, लागला की पडला, आणि चुकलेल्या हल्ल्याने त्यांना कधीच इजा नाही. दहा जणांच्या गर्दीचा दरारा, आणि डीएमला हिशोब काहीच नाही. आज पाचवी आवृत्ती चालवणाऱ्यांनी हे बिनधास्त उचलावं.

मुठाकाठ

@तीन_अ‍ॅक्शन, तलवार-तलवार-तलवार हे दुखणं खरं आहे. पण फायटरपुढे पुलाचा दोर, पेटती गवताची गाडी आणि पलीकडे अडकलेलं पोर असेल तर तलवार मारणं ही त्याची एक शक्यता होते, एकमेव नाही. नियमांनी दिलेली निवड आणि जागेने दिलेली निवड, मला दोन्ही हव्यात. फक्त जागा मला फुकट मिळते. नवी नियमपुस्तकं सगळ्या गटाला विकत घ्यायला आणि शिकायला लावणं तसं नाही.

रातराणी

नमस्कार, मी नुकतीच डीएम झालेय, कॉलेजमधल्याच मैत्रिणींचा गट. चार जणी, तिसरी पातळी. एक प्रश्न आहे. मोठ्ठा म्हणून आणलेला ओगर (धिप्पाड राक्षस) तिसऱ्या राउंडला मेला, त्याने दोनदाच सोटा फिरवला. आणि त्याआधी गॉब्लिनांच्या टोळीने दोघींना बेशुद्ध पाडलं होतं. ओगर तर जास्त दांडगा आहे ना? हिट पॉइंट वाढवू का त्याचे?

पटावरचा

रातराणी, हिट पॉइंट वाढवू नकोस बेटा. आकडे मांडून दाखवतो, २०१४च्या पुस्तकातले.

ओगर: ५९ हिट पॉइंट. आठ गॉब्लिन: प्रत्येकी ७, म्हणजे एकूण ५६. मांस जवळपास तेवढंच. तुमचं चिलखत सरासरी १५ धर. ओगरला वीस बाजूंच्या फाशावर ९ किंवा जास्त लागतात, ६० टक्के वेळा लागतो, सरासरी इजा १३. म्हणजे राउंडला साधारण ८. गॉब्लिनला ११ लागतात, ५० टक्के, इजा ५. आठ जणांचे मिळून राउंडला २०. तेवढंच मांस, पण मारा अडीच पट! शिवाय ओगरवर चौघींचे सगळे वार एकाच जागी पडतात. गॉब्लिनवर मारलेला १५चा वार ७चंच काम करतो, उरलेले ८ हवेत.

१९१६मध्ये फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने हेच सैन्यांसाठी मांडलं होतं. सगळ्यांना सगळ्यांवर मारा करता येत असेल तर सैन्याचं बळ संख्येच्या वर्गाच्या पटीत वाढतं. दुप्पट माणसं म्हणजे चौपट बळ. त्यामुळे एकटा राक्षस चौघींसमोर तोट्यातच सुरुवात करतो, धिप्पाड असला तरी.

तीन_अ‍ॅक्शन

काकांच्या हिशोबाला पूर्ण दुजोरा. हिट पॉइंट वाढवले तर फक्त लढाई लांबेल. एकट्या राक्षसाला जास्त वेळा हालचाल करू द्या. पाचव्या आवृत्तीतल्या लेजंडरी अ‍ॅक्शन याचसाठी आहेत, दुसऱ्याची पाळी संपली की तो मध्येच काहीतरी करतो. ओगरसारख्या साध्याला सुद्धा तू दोन देऊ शकतेस: कुणाची पाळी संपल्यावर एकदा दहा फूट धावणं, एकदा समोरच्याला ढकलून पाडणं. इजा वाढवू नकोस. त्याने टेबल सतत हललं पाहिजे एवढंच.

आणि 'थर्टीन्थ एज' या खेळातली (२०१३) एक युक्ती कुठेही चालते. दुसऱ्या राउंडपासून टेबलाच्या मध्ये एक सहाबाजू फासा १ दाखवत ठेवायचा, दर राउंडला एकाने वाढवायचा, आणि तेवढी भर सगळ्या नायकांच्या हल्ल्यांना द्यायची. सुरुवातीला शत्रू वरचढ, मग पारडं फिरतं. रेंगाळलेली लढाई आपोआप शेवटाकडे धावते.

औंधकर_आई

मी आमच्या सोसायटीतल्या नऊ ते बारा वयाच्या मुलांसाठी खेळ चालवते, सुट्टीत. अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून लिहिते.

मुलांना नियम फारसे दिलेलेच नाहीत. इनिशिएटिव्ह नाही, ज्याला सुचलं तो बोलतो, मग मी शांत मुलाकडे वळून विचारते, "आणि तू या वेळी काय करतोयस?" दोन सहाबाजू फासे. १० किंवा वर आलं की हवं ते झालं, ७ ते ९ आलं की झालं पण काहीतरी किंमत मोजून, ६ किंवा खाली आलं की पुढचं मी सांगते. 'डंजन वर्ल्ड' आणि त्याच्या कुळातल्या खेळांची ही पद्धत. मधला ७ ते ९ हाच सगळ्यात रंगतो. "दरवाजा बंद केलास, पण तुझी पिशवी पलीकडे राहिली." मुलं अक्षरशः उभी राहतात.

दुसरं म्हणजे मुलं लढाईत सतत विचारतात, "आपण त्यांच्याशी बोलूया का?" मोठ्यांच्या टेबलावर हे कुणी विचारत नाही, कारण आपण इनिशिएटिव्ह टाकलं म्हणजे बोलणं संपलं असं धरून चालतो. मी मुलांना नेहमी हो म्हणते. लांडगा का चिडलाय, पहारेकरी कुणाला घाबरतोय, हे मला आधी ठरवावं लागतं, आणि मुठाकाठ म्हणतात तो 'यांना काय हवंय' प्रश्न असा आपोआप सुटतो.

मिनिएचर महाग पडतात. आमच्याकडे कॅरमच्या सोंगट्या शत्रू, बुद्धिबळातली प्यादी नायक, आणि तुळशीबागेतल्या भातुकलीतलं सगळं सामान: चूल, जातं, बंब, घागरी. चूल ठेवली की कुणीतरी ती शत्रूवर उलटवतंच! अप्पा बळवंत चौकातून मोठा आलेख कागद आणायचा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक चढवायचं, मार्करने काढायचं आणि पुसायचं.

नदीपात्र

धागा वाचतोय, छान चाललाय. एकच म्हणणं आहे. महाराजांचे प्रसंग उदाहरण म्हणून ठीक, पण उद्या कुणी फाशावर पावनखिंड खेळायला घेईल आणि बाजीप्रभूंना पहिल्याच राउंडला पाडेल, ते मला बघवणार नाही.

मुठाकाठ

@नदीपात्र, तुमची भावना समजतो, आणि माझीही तीच आहे. मी ते प्रसंग टेबलावर आणत नाही. त्यांच्याकडून रचना शिकतो. पावनखिंडीत शत्रू संपवायचा नव्हता, विशाळगडावरून तोफांचा आवाज येईपर्यंत वाट अडवून धरायची होती. 'अमुक घडेपर्यंत टिका' हा लढाईचा अप्रतिम साचा आहे, आणि तो मी कल्पित शहरात, कल्पित माणसांवर वापरतो.

रातराणीसाठी एक पूर्ण लढाई लिहून ठेवतो. मूळ कल्पना आपल्या कात्रजच्या नळाची. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांपर्यंत जमिनीखालून पाणी आणलं, आणि वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवा खेळायला वर उघडणारी उभी विवरं, बांधले. ज्यांनी ते उच्छ्वास पाहिलेत त्यांना माहीत आहे की डंजन शोधायला आपल्याला युरोपात जायची गरज नाही.

आपलं कल्पित शहर. एका सावकाराने माणसं पाठवून भूमिगत नळाचं दार बंद केलंय. सकाळी हौद कोरडे पडतील आणि त्याचं पाणी चढ्या भावाने विकलं जाईल. नायक उच्छ्वासातून खाली उतरतात.

खाली सहा भाडोत्री (गॉब्लिनचे आकडे वापर, नावं आणि तोंडं माणसांची दे) आणि एक मुकादम. भाडोत्र्यांना पहाटेपर्यंत दार बंद ठेवायचे पैसे मिळालेत, मरायचे नाहीत. काकांचा मनोधैर्याचा नियम इथे, आकडा ७. मुकादमाकडे हिशोबाची चोपडी आहे, तिच्यात सावकाराचं नाव. त्याला फक्त ती घेऊन दुसऱ्या उच्छ्वासातून वर जायचंय, साठ फूट अंतर. दार गेलं तरी चालेल, चोपडी नाही.

दार उघडायला चाक आहे. चाकावर जोर लावायला एक अ‍ॅक्शन. लावला की एक खूण मिळणारच, आणि ताकदीच्या फाशावर १३ आले तर दोन. चार खुणा झाल्या की दार उघडतं. म्हणजे चाकाशी असलेल्याची पाळी कधीच वाया जात नाही. शत्रूही चाकाशी पोचला तर एक खूण पुसू शकतो.

दाराच्या फटीतून पाणी आत येतंय. दर दोन राउंडांनी वर चढतं: घोटा, गुडघा, कंबर. गुडघ्यापासून चालायला दुप्पट हालचाल लागते. कंबरेला आलं की खाली धरलेल्या मशाली विझतात, कंदील चालतात. आणि दार उघडलं की लोंढा येतो. नळात उभा असलेला प्रत्येक जण, आपला असो वा त्यांचा, ताकदीचा १३चा बचाव चुकला तर तीस फूट वाहत जातो आणि ८च्या आसपास इजा.

बाकी काही नाही. इथे एकही राक्षस विशेष नाही, पण चौघींना पहिल्या राउंडपासून ठरवावं लागेल: दार की चोपडी? आणि चौथी खूण मारायच्या क्षणी नळात कोण उभं आहे?

तीन_अ‍ॅक्शन

हे आवडलं. दोन छिद्रं दिसतात. पाच फुटी नळात एकामागे एक उभं राहावं लागलं तर मागच्या दोघींना काहीच करता येणार नाही, आणि त्या मोबाईलकडे जातील. दुसरं, लोंढा येणार हे खेळाडूंना कसं कळणार? न सांगता आणलात तर तो अन्याय आहे.

मुठाकाठ

दोन्ही बरोबर. नळाच्या एका बाजूला गाळ बसायची टाकी ठेवा, वीस फूट लांब, काठावरून चालता येईल असा कट्टा. मग पुढे जायला दोन वाटा झाल्या आणि कट्टा ओला, म्हणजे तिथे वेगळा धोका. लोंढ्याची सूचना आधीच द्यायची: उतरल्या उतरल्या भिंतीवर पुरुषभर उंचीची ओल दिसते, आणि पहिल्या राउंडला एक भाडोत्री ओरडतो, "दार उघडलं तर आपण सगळे वाहून जाऊ!" शत्रूच्या तोंडून आलेला नियम खेळाडूंच्या डोक्यात पक्का बसतो.

कवडी

खेळाडू म्हणून विचारते, हरलो तर? सगळ्या मेल्या आणि मोहीम संपली, असं असेल तर मी पूर्ण लढाईभर सर्वांत सुरक्षित चालच खेळेन. तुम्हाला हवी तशी धाडसी चाल माझ्याकडून निघणार नाही.

मुठाकाठ

अगदी मर्माचा प्रश्न. इथे हरणं म्हणजे मरणं नाही. दार उघडलं नाही तर सकाळी हौदावर रांगा, मारामाऱ्या, आणि पुढचं सत्र तिथून सुरू. चोपडी गेली तर सावकार मोकळा आणि सावध. दोन्ही हरलं तरी गोष्ट थांबत नाही, कडू होते. एवढं टेबलाला माहीत असलं की लोक मोठ्या उड्या मारतात.

रातराणी

खेळले! आज दुपारी, सगळ्या आमच्या घरी होत्या.

पाण्याची पातळी सगळ्यांना दिसावी म्हणून मी टेबलाच्या मध्ये काचेचा उभा ग्लास ठेवला, त्यावर मार्करने तीन रेघा, आणि ठरल्या राउंडला तांब्यातून पाणी ओतलं. मला काहीच बोलावं लागलं नाही. मी तांब्या उचलला की सगळ्या ओरडायच्या.

दुसऱ्या राउंडला एक भाडोत्री पडला, दोन फाशांवर ६ आले, ते टिकले. तिसरा पडला तेव्हा ९ आले आणि ते मोडले. दोघे नळातून खाली पळाले, एकाचा पाय गाळात अडकला. आमची क्लेरिक (पुजारीण) चक्क त्याला ओढून काढायला पाण्यात उतरली. तिकडे रोग (rogue, म्हणजे आमची चोर-पात्र) मुकादमाच्या मागे उच्छ्वासात चढतेय. फायटर चाकाशी, तीन खुणा झालेल्या, आणि तिची पाळी. पाणी कंबरेला. ती क्लेरिकला म्हणाली, "तू बाहेर ये, मी एक राउंड थांबते." क्लेरिक म्हणाली, "थांबलीस तर पळालेले परत येऊन खूण पुसतील. उघड." विझार्ड (जादूगारीण) दोघींवर ओरडतेय. पाच मिनिटं वाद चालला आणि मी त्यांना घाई केली नाही. या पाच मिनिटांत एकही फासा पडला नाही आणि तरी आजच्या खेळातला तोच सगळ्यात जिवंत भाग होता.

उघडलं. क्लेरिकचा बचाव चुकला, ती आणि तो भाडोत्री एकमेकांना धरून वाहत गेले. दोघं वाचले. त्याने शुद्धीवर येताच पैसे कुणी दिले ते सांगून टाकलं.

पण मुकादम निसटला, चोपडी घेऊन. रोगचे दोन फासे लागोपाठ वाईट पडले. तिला खूप वाईट वाटतंय. पुढच्या वेळी तिला ती चोपडी कुठेतरी सापडू दिली तर चालेल का?

पटावरचा

शाब्बास! अडकलेल्याला ओढून काढायला गेली, त्यातून साक्षीदार मिळाला. मनोधैर्याचा नियम का हवा, त्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

चोपडी सहज सापडू देऊ नकोस. मुकादम जिंकला, त्याला त्याचा विजय पूर्ण मिळू दे. नाहीतर पुढच्या लढाईत 'निसटला तरी सापडेलच' असं टेबल धरून चालेल. मात्र तो कंबरभर पाण्यातून गेलाय. चोपडी भिजलेली आहे, ती वाळवायला आणि पुन्हा उतरवून काढायला त्याला कारकून लागेल. तो कारकून शोधणं हे रोगचं पुढचं काम.

औंधकर_आई

ग्लासाची कल्पना मी उचलतेय! मुलांसाठी दार उघडायच्या चाकाऐवजी भातुकलीतला खरा फिरणारा रहाट ठेवीन, चार वेढे फिरवायचे.

तीन_अ‍ॅक्शन

मी हे पाथफाइंडरमध्ये बसवतोय, ज्यांना हवंय त्यांच्यासाठी. चाकाचा एक रेटा एक अ‍ॅक्शन, पण एका पाळीत जास्तीत जास्त दोन रेटे, आणि खुणा चारऐवजी सहा करा, नाहीतर दोघी मिळून एकाच राउंडमध्ये दार उघडतील. एक काळजी घ्या: तिथे जोर लावून दार उघडणं हल्ल्यांत मोजलं जातं, म्हणून दुसऱ्या रेट्याला उणे ५ लागेल. इथे ते लावू नका. चाक फिरवणं हे वेगळं काम धरा, म्हणजे फायटरला दोन रेटे आणि एक ढाल, किंवा एक रेटा आणि दोन वार, अशी खरी निवड उरते. पाण्याची पातळी दर राउंडला चढवा, दोन राउंडांनी नाही. तिथे माणसं जास्त पळतात.

रातराणी

काका, कारकून पक्का. तो हौदाच्या रांगेत उभा असलेला दाखवते, शाईने बोटं काळी. @तीन_अ‍ॅक्शन, सहा खुणांचं लिहून ठेवलं, दिवाळीनंतर आमचा गट पाथफाइंडर शिकणार आहे.